शेवटी निघणार, आधी चढणार

वेळणगडच्या हैबतराव राजांना गलबतावर सगळ्यांच्या आधी चढायचं होतं आणि किनाऱ्यावरून सगळ्यांच्या शेवटी निघायचं होतं. दोन्ही एकाच वेळी!

त्याला कारणं होती. नातवाच्या बारशाला लेकीच्या सासरी जायचं, तीन दिवसांचा समुद्रप्रवास. मागच्या खेपेला राजेसाहेब आरामात, उशिरा गेले. तोवर मेहुणे गुणाजीरावांनी सुकाणूजवळची सावलीची, वाऱ्याची जागा पटकावून तिथे तक्क्या टाकला होता. मेहुण्याला उठवणार कोण? राणीसाहेबांचा धाकटा भाऊ तो. राजेसाहेबांनी तीन दिवस कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी काढले. म्हणून यंदा आधी चढायचं. पण आधी जाऊन बसलं तर बाकीचे येईपर्यंत डुलत्या गलबतावर ताटकळायचं, आणि वेळणगडचा राजा कुणासाठी ताटकळत नाही. म्हणून निघायचं मात्र शेवटी.

गलबत खाडीच्या मुखाशी खोल पाण्यात नांगरलं होतं. धक्क्यापासून तिथवर होडीनेच जावं लागे. दिवाण बापूजीपंतांनी सुचवलं की राजेसाहेबांनी मागून वेगळ्या, हलक्या होडीने यावं आणि वाटेत इतरांना गाठून पुढे जावं. राजे म्हणाले, मेहुण्याशी शर्यत लावायला मी काय पोरसवदा आहे? मग पंत म्हणाले, इतरांची होडी मध्येच थांबवून ठेवू. त्यावर राणीसाहेबांनी नुसतं एकदा पंतांकडे पाहिलं. पंतांनी तो विषय तिथेच सोडला.

शेवटी सगळं गलबताचा नाखवा बाळोजी याच्यावर आलं. भरती भरत आली होती. ती ओसरायच्या आत नांगर उचलला नाही तर बारसं चुकणार. राजेसाहेबांनी त्याला सांगितलं की सगळे एकाच होडीतून जातील. जमव, नाहीतर उद्यापासून नाखवा दुसरा.

चाळीस वर्षं दर्यावर काढलेला म्हातारा धक्क्यावर मटकन बसला. त्याची सून मथुरा खाडीवर होडी चालवायची. माणसं, बैल, भाताची पोती, सगळं ती या तीरावरून त्या तीरावर न्यायची. तिने सासऱ्याकडून हकिकत ऐकून घेतली, पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मामंजी, उठा. तुम्ही गलबतावर जाऊन शिडाचं बघा. यांना मी आणते."

तिने राजेसाहेबांपुढे जाऊन मुजरा केला आणि एकच अट घातली: गलबताला होडी लागेपर्यंत कुणी जागा बदलायची नाही. राजेसाहेबांनी ती मान्य केली.

मथुराने आपली लांबट, निमुळती होडी धक्क्याच्या पायरीला लावली. टोक पायरीला टेकलेलं, बाकीची होडी पाण्यात. दोन माणसं शेजारी बसू शकणार नाहीत इतकी ती अरुंद. ती स्वतः मागच्या टोकाला वल्हं घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, या.

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत गुणाजीराव होडीत! तक्क्या काखेत घेऊन ते थेट तिच्या पायाशी जाऊन बसले आणि किनाऱ्यावरच्या राजेसाहेबांकडे बघून गोड हसले. त्यांच्या पुढे राणीसाहेब बसल्या, त्यांच्या पुढे बापूजीपंत. उरली ती पायरीलगतची टोकाची जागा.

राजेसाहेबांचा चेहरा लाल झाला. मेहुणा पहिला जाऊन बसला होता, आणि ही बाई शांतपणे बघत होती. त्यांनी पाय आपटतच होडीत टाकला, टोकाला बसले आणि गुरगुरले, "शेवटी तर निघालो. आता आधी कसा चढतो तेवढं दाखव. नाहीतर तुझ्या सासऱ्याबरोबर तूही खाडी सोडायचीस."

मथुराने वल्हं पाण्यात घातलं. तिने होडी मागे रेटली, धक्क्यापासून मोकळी केली, पाण्यात अर्धं वळण घेतलं आणि वल्हं मारू लागली. गुणाजीराव मजेत गाणं गुणगुणत होते. राजेसाहेब समोर बघत बसले होते. गलबत जवळ येत गेलं, मोठं होत गेलं, आणि होडीचं टोक त्याच्या शिडीला जाऊन टेकलं.

शिडी थेट राजेसाहेबांच्या नाकासमोर होती.

मागे गुणाजीरावांचं गाणं थांबलं. ते तक्क्या सावरत उठू लागले, तशी होडी हेलकावली, आणि राणीसाहेब न वळताच म्हणाल्या, "गुणाजी, खाली बैस. बुडवशील सगळ्यांना."

राजेसाहेब शिडी चढले. सुकाणूजवळ गेले. सावलीत, वाऱ्यात पाय पसरून बसले. मग राणीसाहेब आणि पंत वर आले आणि सगळ्यांच्या शेवटी, काखेत तक्क्या धरून, गुणाजीराव.

राजेसाहेबांनी मथुराला वर बोलावून विचारलं, "खरं सांग. तू मला मागचा पुढे कसा केलास?"

"मी महाराजांना जागचं हलवलं नाही," मथुरा म्हणाली. "होडी तेवढी फिरवली."

राजेसाहेबांनी वाकून खालच्या होडीकडे पाहिलं. मग असे हसले की शिडाच्या दोऱ्या ओढणारे खलाशीही थांबून बघू लागले. बाळोजीला त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं की हात चालतात तोवर हे गलबत तुझं. मग मथुराकडे वळून म्हणाले, "तुला नवी होडी देतो. सागवानी, चांगली लांबरुंद!"

"लांब द्या, महाराज," मथुरा म्हणाली, "पण रुंद नको. रुंद होडीत मेहुणेसाहेब बाजूने पुढे येतील."

या वेळी राणीसाहेबही हसल्या. गुणाजीरावांनी कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी तक्क्या टाकला आणि बाळोजीने नांगर उचलायला सांगितला.