झुलत्या पुलाचे दोर

नद्यांवर अजून दगडी पूल आले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगराळ राज्यात खोल दरीवर दोरांचा झुलता पूल होता. एका बाजारच्या दिवशी तो तुटला आणि अकरा माणसं दरीत गेली.

महिनाभराने राणीने दवंडी पिटवली. नव्या पुलाचे दोर ज्याला पुरवायचे असतील, त्याने प्रस्ताव लिहून आणावा आणि दरबारात स्वतः मांडावा. बोलायला प्रत्येकाला एकच घटका मिळेल.

दवंडी येसूच्या गावातही पोचली. ते सगळं गाव अंबाडीचे दोर वळून जगत होतं. दोन वर्षं मोठं काम आलं नव्हतं. सात घरं तर गाव सोडून गेली होती. येसूचा हात कसबी, शिवाय तिला लिहिता येत होतं, म्हणून गावाने तिलाच पाठवलं. तिने पाच दिवस बसून बारा पानं लिहिली. आमचा दोर किती जाड, किती चिवट, आमच्या आजापणजांनी तो कुणाकुणाला दिला, सगळं. नमुन्याला विहिरीच्या दोराचा एक तुकडाही घेतला.

दरबारात तिची पाळी शेवटची होती. पाण्याच्या हंड्यात बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी तरंगत असे. वाटी भरून बुडाली की बोलणं थांबवायचं.

पहिला व्यापारी म्हणाला, "सरकार, माझा दोर हत्तीने ओढला तरी तुटत नाही!"

दुसरा म्हणाला, "माझा दहा पावसाळे टिकतो. लिहून देतो!"

येसू राणीकडे बघत होती. प्रत्येक शब्दाबरोबर राणीचा चेहरा आणखी उतरत चालला होता. तिच्या बारा पानांत तरी दुसरं काय होतं?

"पुढे ये," प्रधान म्हणाले. वाटी पाण्यात सोडली गेली.

येसूने कागद उघडले. पहिलं वाक्य ओठांवर आलं, आणि तिने कागद मिटले.

"राणीसरकार, आधी एक विचारते. तुम्हाला भीती कशाची वाटते?"

प्रधान भडकले. "तू दोर विकायला आलीस, की राणीसरकारांची उलटतपासणी घ्यायला?"

वाटीत पाणी चढत होतं. गावातली कुलूप लागलेली दारं तिच्या डोळ्यांपुढे आली. अजून वेळ आहे, वाच, असं मन सांगत होतं. तरी तिने कागद उघडले नाहीत.

वाटी निम्म्यावर आली तेव्हा राणी बोलली.

"तुटलेला दोरही मजबूतच होता. त्याच सकाळी मी स्वतः त्या पुलावरून गेले होते. दोर रोज थोडाथोडा झिजत होता. पण किती झिजला म्हणजे धोका, हे पहारेकऱ्याला कळलं नाही, मलाही नाही."

येसूने मान हलवली. "माझा दोर दहा पावसाळे टिकणार नाही, सरकार. तीन टिकेल."

मागे कुणीतरी हसलं.

"पण तो वेळेवर सांगेल. कुणाकडे कट्यार असेल तर द्या."

तिने नमुन्याच्या दोराचा वरचा थर भराभरा खरवडला. आतून लालभडक पेड दिसू लागला.

"आमच्या बायका विहिरीच्या दोरात मधोमध एक रंगवलेला पेड घालतात. वरचा अंबाडीचा वाख झिजला की लाल दिसतं. त्या दिवशी दोर बदलायचा. इतकी साधी गोष्ट, म्हणून मी लिहिलीच नाही. पुलाच्या दोरातही तो घालीन. लाल दिसेल तेव्हा दोरात पुष्कळ ताकद उरलेली असेल. पण पूल त्याच क्षणी बंद करायचा."

वाटी बुडाली. "वेळ संपला!" प्रधान म्हणाले.

"संपू दे," राणी उठून उभी राहिली. "काम हिला द्या."

सहा महिन्यांत पूल उभा राहिला. येसूच्या गावातली गेलेली सातही घरं परत आली. पूल उघडला त्या दिवशी दोन्ही काठांवर माणसं जमली, पण पाऊल कुणी टाकेना. मग एक म्हातारी पुढे झाली. तिचा मुलगा त्या अकरांत होता. दोरावरून हात फिरवत तिने पहारेकऱ्याला विचारलं, "लाल दिसतंय का रे कुठे?"

"नाही, आजी."

"मग चला," असं म्हणून ती चालू लागली. तिच्यामागून सगळा काठ निघाला.

म्हणून ध्यानात ठेवा: समोरच्याची काळजी ऐकून घेतल्याशिवाय आपल्या मालाची थोरवी सांगू नये.