नंदीराजांचा चाखणारा

"पोळ्याच्या मिरवणुकीत नंदीराज स्वतःच्या पायांनी चालले पाहिजेत! नाहीतर हरबाजी, तुझं बिऱ्हाड राज्याबाहेर!" राजा विक्रमधवल गरजला.

पोळा सहा दिवसांवर आला होता आणि नंदीराज, म्हणजे राजाचा लाडका बैल, गोठ्यात आडवा पडला होता. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, कान गार, तीन दिवस रवंथ बंद. राखणदार हरबाजीला दुखणं कळत होतं, पण सांगायची सोय नव्हती. बैलाला रोज घास भरवण्याचा मान राजाने सात मानकऱ्यांना दिला होता. राजाची मर्जी राखायला जो तो दुसऱ्यापेक्षा मोठी परात आणी. प्रधानजींच्या पुरणपोळ्या, सेनापतींचे लाडू, खजिनदारांचा शिरा! राजवैद्य रोज बैलाची नाडी शोधत आणि म्हणत, "अशक्तपणा आहे. तूप वाढवा."

"म्हाराज, हे घास थांबवा, बैल उठंल," हरबाजी कसंबसं बोलला.

"मानकऱ्यांचा अपमान करू? एक घास जरी परत पाठवलास तर याद राख!"

हरबाजीचे डोळे भरून आले. नंदीराज वासरू असतानाच त्यांची आई मेली, तेव्हा त्यानेच बोट चोखायला देऊन त्यांना दुधावर जगवलं होतं. तेवढ्यात त्याची मुलगी सगुणा पुढे झाली.

"एक घास बी परत जानार न्हाई, म्हाराज! पन तुमच्या ताटातलं आधी कोन खातं?"

"चाखणारा. त्याने घास खायचा, घटकाभर थांबायचं. त्याला बाधलं नाही, तर ताट आमच्यापुढे."

"मग नंदीराजांना चाखनारा का न्हाई?"

राजा मांडीवर थाप मारत म्हणाला, "एवढ्या दरबारात हे कुणाला सुचलं नाही! आजपासून जो ताट आणेल, त्यानेच चाखायचं!"

"आन् घास कुनाच्या मापाचा?"

"ज्याच्यासाठी ताट, त्याच्या मापाचा!"

दुसऱ्या दिवशी प्रधानजी परात घेऊन आले. सगुणाने आठ पुरणपोळ्या तुपात बुडवून त्यांच्यापुढे धरल्या. "घ्या, नंदीराजांचा एक घास!"

प्रधानजींनी मागे पाहिलं. सेनापती बघत होते. नाही म्हणण्याची सोय नव्हती, त्यांनी आठही रिचवल्या. घटका भरायच्या आतच त्यांनी पोट धरलं.

"आगं आई गं!"

"बाधलं व्हय? मग हे ताट नंदीराजांना कसं देऊ? ऱ्हाऊ द्या हितंच."

त्या दिवशी सातही मानकऱ्यांची तीच गत झाली. पराती ओट्यावर राहिल्या आणि शेण काढणाऱ्या बायकांनी पोराबाळांसकट मिटक्या मारत संपवल्या.

तिसऱ्या दिवशी मानकऱ्यांत भलतीच नम्रता आली. "आज मान आपला!" "छे छे, वयाने आपण थोर!" असं करत गोठ्याकडे कुणी फिरकलंच नाही. इकडे हरबाजीने ओवा-हिंगाचा काढा आधी स्वतः चाखून बैलाला पाजला, पोट चोळलं, उठवून तळ्यापर्यंत चालवलं. चौथ्या दिवशी बैल रवंथ करू लागला. हरबाजी त्याच्या गळ्यात पडून पोटभर रडला.

पोळ्याला नंदीराज झुलीसकट डौलात चालत आले. राजवैद्य पुढे सरसावून म्हणाले, "तुपाचा गुण, महाराज!"

"कसलं तूप!" प्रधानजी किंचाळले. "या पोरीने नंदीराजांना आमचा एक घास लागू दिला नाही!"

राजाच्या भुवया चढल्या. "खरं का हे, पोरी?"

"म्या काय बी परत धाडलं न्हाई, म्हाराज. चाखनाऱ्याला बाधलं, म्हनून तुमच्याच नियमानं ताट म्होरं गेलं न्हाई. एका घासात परधानजी चार दिस झोपून हुते. नंदीराज तर रोज सात पराती खात हुते!"

राजाने प्रधानजींकडे पाहिलं. त्यांचा हात अजून पोटावरच होता, कारण राजवैद्यांनी त्यांनाही तूपच वाढवायला सांगितलं होतं.

राजा इतका हसला, की मुकुट कानावर आला! हातातलं सोन्याचं कडं काढून त्याने सगुणाला दिलं, तळ्याकाठचं रान हरबाजीच्या नावे केलं आणि डोळे पुसत विचारलं, "आता आमच्या प्रधानजींना औषध काय?"

"त्येच, म्हाराज! ओव्याचा काढा, आन् नंदीराजांच्या मागनं तळ्याला दोन फेऱ्या!"

"ऐकलंत, प्रधानजी? चला, उठा! नंदीराज निघाले!"