बॉयलर आणि शिशाचं बूच

आगगाड्या अजून शिकाऊ होत्या, त्या काळी एका कारखान्यात प्रयोगाचं इंजिन बांधलं होतं. त्याचा बॉयलर नव्या घडणीचा, जाड पोलादाचा, एरवीच्या दुप्पट वाफ कोंडणारा. त्याला एकच गोष्ट खुपायची. त्याच्या भट्टीच्या छतात शिशाचं इवलंसं बूच होतं; वर पाणी, खाली आग.

"पोलादाच्या घरात हे मऊ पोर कशाला?" तो कुरकुरायचा.

"पाणी आटलं की वितळायचं, एवढंच मला येतं," बूच म्हणायचं.

चाचणीच्या दिवशी घाट लागला. बघ्यांवर छाप पाडायला बॉयलरने होतं नव्हतं तेवढ्या पाण्याची वाफ केली. छत कोरडं पडून तापू लागलं.

"आज वितळू नकोस रे, चारचौघांत शोभा होईल," तो गयावया करू लागला.

"मी तग धरला, तर शोभा बघायला कुणी उरायचं नाही," म्हणत बूच वितळलं. भोकातून वाफ भट्टीत शिरली, आग विझली. बैल जुंपून इंजिन परत आणावं लागलं.

पुढे नवं बूच बसलं. आता कुणी ताकदीची तारीफ केली की बॉयलर हसतो.

"अंग पोलादाचं आहे खरं," तो म्हणतो, "पण अक्कल शिशाची, आणि तीही उसनी."