दवंडीतला ‘आज’

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की त्या गावाचं नावही आता कुणाला आठवत नाही. त्या गावात एक दवंडीवाला होता. हलगी अशी कडकडवायचा, की जेवती माणसं हात न धुता चावडीवर धावायची! प्रत्येक दवंडी ‘आज’ या शब्दानेच सुरू करायची, ही तिथली रीत.

एकदा एक मुलगी नाहीशी झाली. दवंडी पिटताच सारा गाव लोटला. शेजाऱ्यानेच तिला कोंडून ठेवलं होतं. संध्याकाळच्या आत ती सुखरूप सापडली आणि शेजारी कोठडीत गेला.

पण एवढी गर्दी दवंडीवाल्याने जन्मात पाहिली नव्हती. त्याला चेवच चढला!

दुसऱ्या दिवशी तीच कालची गोष्ट घेऊन तो पुन्हा गरजला, “आज ऐका हो! पोर पळवलं!” तिसऱ्या दिवशीही तेच. शेजारी त्याने गाळला. शेजाऱ्याला कोण घाबरतं? त्याच्या जागी घोंगडं पांघरलेला परका माणूस आणला. ‘आज’ ऐकून लोकांना वाटे, रोज नवं पोर जातंय. आयांच्या तोंडचं पाणी पळालं, अंगणं ओस पडली. दवंडीवाल्याची लेक तेवढी मोकळी हुंदडायची, कारण खरं काय ते त्याला ठाऊक होतं.

नवव्या दिवशी वेशीवर एकच ओरडा झाला, “आला! घोंगडंवाला आला! पोर घेऊन चाललाय!”

दवंडीवाला हलगी घेऊन पळत सुटला. काय त्याचा आनंद! आपण रचलेला चोर खरंच निघाला की!

“धरा! सोडू नका!” तो हलगी बडवत ओरडला. धोंडे सुटले. तो माणूस गुडघ्यांवर कोसळला, पण घोंगड्यात गुंडाळलेलं पोर त्याने छातीखाली झाकून धरलं.

आतून चिरका आवाज आला, “बाबा, नका मारू! मी आडात पडले होते. या मामांनी मला वर काढलं!”

हलगी गळून पडली. ती त्याचीच लेक होती.

तो माणूस साधा मेंढपाळ होता. रक्त पुसत म्हणाला, “पोर रडत होतं, दादा. ऐकून तसंच पुढं जायला हवं होतं का मी?”

मेंढपाळ वाचला, पण त्याचा एक डोळा गेला. दवंडीवाला पुढे प्रत्येक दवंडीत कधी, कुणी आणि किती ते नीट सांगू लागला. तरी कित्येक वर्षं त्या वाटेने जाणारा परका माणूस रडतं पोर दिसलं, की मान खाली घालून निघून जायचा.

बोध: एकच भय रोज नवं करून सांगितलं, तर मुलांचे वैरी कमी होत नाहीत, त्यांना वाचवणारे हात मात्र कमी होतात.