दलदलीतल्या खुणा

एका गावात एक कुंभारीण राहायची. गावात म्हणजे अगदी टोकाला. तिच्या भट्टीच्या मागं जमीन संपायची आणि दलदल सुरू व्हायची. आधी त्या दलदलीचं सांगते, म्हणजे पुढं भीती कशाची ते कळेल. हसताय काय? मला अजून वाटते.

वरून बघाल तर हिरवंगार कुरण. गवत, मध्येच कमळाची पानं, बगळे. पण पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत, आणि धडपड केली की कमरेपर्यंत. ओरडायला फुरसत मिळाली तर नशीब. हरवलेली म्हैस शोधायला गेलं की वर नुसतं गवत डुलताना दिसायचं. पण बाजार पलीकडं, वैद्य पलीकडं, दिलेल्या लेकी पलीकडं. जाणं तर भाग होतं.

दलदलीच्या पोटात कुठं कुठं घट्ट जमीन होती आणि दर पावसाळ्यात ती सरकायची. म्हणून गावानं बांबूच्या काठ्या रोवून वाट केली होती. लाल चिंधी म्हणजे इथं पाय ठेव, काळी चिंधी म्हणजे इथं मरण आहे. नियम म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून चालत आलेला. वाट सगळ्यांची, परक्याचीसुद्धा. कोणीही चाला, कोणीही खूण रोवा, चुकीची वाटली तर दोघांना बरोबर नेऊन जमीन दाबून बघा आणि मग हलवा. पण जो दुसऱ्याच्या खुणेवर पाय ठेवून पार झाला, त्यानं आपल्याला सापडलेली खूण मागच्यासाठी उघडी ठेवायची. लपवायची नाही, उपटून न्यायची नाही.

नियम चांगला, पण माणसं ती माणसंच. बाजाराच्या आदल्या दिवशी सगळे वडाखाली जमायचे आणि भांडण जुंपायचं. "तुझी काठी तिरकी!" "तुझ्या म्हशीनं पाडली!" "पलीकडचे मीठवाले आमच्या वाटेनं येतात, पण एक चिंधी बांधत नाहीत!" उन्हं कलली तरी कोणी उठायचं नाव घेत नसे. कुंभारणीचा जीव मडक्यांत अडकलेला असायचा. कंटाळून जायची बिचारी.

त्या गावात एक वाटाड्या होता. दलदल त्याच्याइतकी कोणालाच ठाऊक नव्हती. खोटं कशाला सांगू, माणूस कष्टाळू होता. निम्म्या काठ्या त्यानंच रोवल्या होत्या. एके दिवशी तो वडाखाली उभा राहिला आणि म्हणाला, "रोजची ही कटकट कशाला? खुणा मी सांभाळतो. तुम्ही घरी बसा. फक्त एवढा शब्द द्या, की यापुढं नियम काय ठेवायचा आणि कधी बदलायचा, ते मी एकटा ठरवीन. माझ्याशिवाय कोणी काठीला हात लावणार नाही. लावील त्याला वाट बंद."

म्हातारा विणकर म्हणाला, "खुणा सांभाळ की बाबा, तुझे उपकार होतील. पण त्यासाठी नियम कशाला हवाय तुला?"

तेवढ्यात कुंभारीणच बोलली, "अहो काका, किती फाटे फोडाल! तो काय परका आहे? माझी मडकी उन्हात तडकतील. देऊन टाका शब्द आणि चला घरी." लोक हसले, हात वर झाले. विणकराचा हात तेवढा खाली राहिला.

सुरुवातीला सगळं झकास चाललं. काठ्या ताठ, चिंध्या नव्या. कुंभारीण विणकराला चिडवायची, "काय काका, बुडालो का आपण?" म्हातारा आपला मागावर धोटा चालवत राहायचा.

मग वाटाड्या म्हणाला, दुसऱ्यांच्या खुणा वेड्यावाकड्या आहेत, लोक गोंधळतात. त्यानं त्या उपटल्या. विणकरानं रोवलेली एक काळी चिंधीसुद्धा त्यात गेली. पुढं म्हणाला, मीठवाले फुकट चालतात, तेव्हा खुणाच नकोत, ज्याला जायचंय त्याला मी नेईन. उरलेल्या काठ्याही गेल्या. आता वाट होती, पण फक्त त्याच्या डोक्यात. ज्याच्यावर त्याची मर्जी तो आधी पार व्हायचा. ज्यानं तोंड उघडलं त्याला तो म्हणायचा, "आज जमीन ठीक नाही, पुढच्या बाजाराला बघू."

लोकांना राग आला, पण शब्द दिलेला. आणि भीतीही होती हो, उद्या वैद्याकडं जायची वेळ आली तर नेणार कोण? म्हणून तोंडावर गोड बोलायचे. सगळ्यांत वाईट निराळंच झालं. कोणाला कुठं भुसभुशीत लागलं, कुठं नवा उंचवटा दिसला, तरी कोणी सांगेना. आपल्याला काय, तो बघेल. जमीन सरकत होती आणि गाव मुकं झालं होतं.

कुंभारणीची एकुलती एक लेक गोजरा, पलीकडं दिलेली. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी यायची होती. वाटाड्या तिला आणायला गेला. सकाळी कुंभारीण भट्टीमागं येऊन उभी राहिली. दलदलीत उतरणाऱ्या नदीला नुकताच पूर येऊन गेला होता आणि धुकं असं दाटलेलं की स्वतःचा हात दिसेना.

धुक्यातून आधी वाटाड्याचं खाकरणं ऐकू आलं. कुंभारणीला हायसं वाटलं. मग छपाक असा आवाज झाला. मग काहीच नाही. आणि मग त्याचा आवाज, पण तो कधी ऐकलेला नव्हता असा, "पोरी, हलू नकोस! आहेस तिथंच राहा! जमीन... जमीन इथं नाहीये!"

"आई!" गोजरा किंचाळली. "आई गं, वाटाड्यादादा कमरेपर्यंत गेलेत! माझ्या पायाखाली सुपाएवढीच जागा आहे!"

कुंभारणीनं बोंब ठोकली, सारं गाव धावत आलं आणि काठावर येऊन थबकलं. पुढं पाऊल टाकायचं कुठं? एकही काठी उभी नव्हती. धुक्यातून वाटाड्या ओरडत होता, "खूण सांगा रे! कोणीतरी खूण सांगा! घट्ट जमीन कुठल्या अंगाला आहे?"

ज्यानं खुणा उपटल्या तोच खुणा मागत होता.

कुंभारीण वळली आणि आपल्या छपराचे बांबू ओढून काढू लागली. कोणीतरी पुटपुटलं, "अगं, काठी रोवायची नाही असा शब्द दिलाय आपण. तो वाचला तर उद्या तुला वाट बंद करील."

"आग लागो त्या शब्दाला!" ती ओरडली. "मीच द्यायला लावला तो! माझी पोर आहे आत!" तिनं लाल लुगड्याचा पदर टराटरा फाडला, बांबूला चिंधी बांधली आणि चिखलात पहिली काठी रोवली.

तेव्हा म्हशीवाल्याचं तोंड उघडलं. "मावशी, उजवीकडं नको! माझी म्हैस तिथंच गेली. मी कोणाला बोललो नाही." कोळीण म्हणाली, "लव्हाळ्याच्या कडेनं जा, तिथं उंचवटा आलाय. मला केव्हाचा माहीत आहे." एकेकाला एकेक तुकडा ठाऊक होता. सांगता सांगता माणसं रडत होती. कुंभारीण पुढं, तिच्यामागं बांबू पोचवणारी रांग. दोनदा तिचा पाय मांडीपर्यंत गेला आणि दोनदा मागच्यांनी ओढून काढला. दर काठीला थांबून ती लेकीची हाक कुठून येते ते ऐकायची.

"गोजरे! बोलत राहा गं! काहीही बोल!"

"आई, दादा खांद्यापर्यंत गेलेत," गोजराचा आवाज आला. थोड्या वेळानं, "आई, दादा मला म्हणतात, रडू नकोस, पाय हलतील." आणखी थोड्या वेळानं, "आई, आता दादा बोलत नाहीत."

कुंभारीण पोचली तेव्हा गोजरा दोन्ही हातांनी पोट धरून उभी होती, डोळे घट्ट मिटलेले. समोर चिखलावर एक पागोटं होतं. त्याच्याभोवती गवत हळूहळू डुलत होतं.

लेकीला घेऊन रांग माघारी फिरायच्या बेतात होती. विणकर त्या जागेकडं बघत राहिला. शेवटी म्हणाला, "माझी काळी चिंधी इथंच होती." वाटाड्याला शिव्या द्यायला काहीजण पुढं झाले, पण कुंभारणीनं त्यांना थांबवलं. "त्यानं मागितलं," ती म्हणाली, "पण दिलं आपण. मी तर घाई करून दिलं." मग तिनं भट्टीच्या धगीसाठी कपाळाला बांधलेलं काळं फडकं सोडलं, एका काठीला बांधलं आणि ती काठी तिथं रोवली.

गोजराला मुलगी झाली, धडधाकट. खुणा पुन्हा उभ्या राहिल्या आणि वडाखालची भांडणंही. एकदा भांडण फारच लांबलं, तेव्हा म्हशीवाला वैतागून म्हणाला, "मावशी, मी सांभाळतो ना सगळं. ठरवायचं तेवढं माझ्यावर सोपवा."

कुंभारणीच्या मांडीवर नात होती. तिनं तिला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली. "काठ्या सांभाळ रे बाबा, जेवायला रोज माझ्याकडं ये. पण नियम इथंच राहील, सगळ्यांच्या मध्ये. बदलायचा असेल तर सगळ्यांना विचारून." आणि मडकी उन्हात तडकत असतानाही ती शेवटचं भांडण संपेपर्यंत उठली नाही. धुकं पडलं की अजून तिला ती हाक ऐकू येते, "कोणीतरी खूण सांगा रे!"

आता तात्पर्य विचाराल, तर एवढंच: सगळ्यांनी मिळून केलेली वस्तू सांभाळायला एकाच्या हाती खुशाल द्यावी, पण तिचा नियम बदलायचा हक्क कंटाळा आला म्हणून देऊ नये, तो गेला की वाट जाते, आणि ज्यानं घेतला तोही वाचत नाही.