माफीची नमाज

आमच्या खाडीकाठच्या गावात दाऊद नाखवा वारला. जन्मभर ताडी प्यायला, मशिदीकडे कधी फिरकला नाही. जनाजा अंगणात तयार, आणि गावचे खोत जैनुद्दीन आडवे आले. "असल्याची नमाज कुणी पढायची नाही!"

दाऊदची बायको हुरमत उंबऱ्यातूनच म्हणाली, "खोतसाहेब, जनाज्याच्या नमाजेत मागतात तरी काय हो?"

"मयताला अल्लाहनं माफ करावं म्हणून दुआ. एवढंही ठाऊक नाही?"

"मग ती गुन्हेगारालाच लागणार ना? तुम्हाला माफी लागायची नसेल तर आत्ताच सांगून ठेवा. तुम्हाला नमाजेवाचूनच पुरू."

खोतांनी हळूच चपला काढल्या नि पहिल्या रांगेत उभे राहिले. आता त्यांनी माफी कुणासाठी मागितली, ते अल्लाहलाच ठाऊक.