सारसाच्या घरट्याचा पत्ता

एका गावात दरसाल सारसांचं एक जोडपं राहायला यायचं. गावाचं नाव विचारायचं नाही. गाव धानाचं, तळं एकच, आणि माणसं चार गावांतल्यासारखीच, म्हणजे निम्मी भांडणारी आणि निम्मी ते भांडण बघत बसणारी. सारसांच्या बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत होतं. ज्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, घरटं होईल, त्यानं घरट्याभोवतीचं धान कापायचं नाही. पिल्लं पायावर उभी राहीपर्यंत तेवढा तुकडा पाखरांचा.

त्या वर्षी हा मान म्हाताऱ्या डोमाजींना मिळाला. घरट्याला उशीर झाला होता, आणि गावात सगळे हलकं धान लावायचे, लवकर पिकणारं. सगळ्या शिवाराची कापणी उरकली. डोमाजींच्या बांधीत तेवढा दहा खाटा मावतील एवढा तुकडा उभा राहिला, आणि त्यात दोन अंडी. डोमाजी दिवसभर लांब धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून राखण करायचे. त्यांची बायको देवकाबाई म्हणायची, "माह्या बाळंतपणात हा माणूस असा बसला नाई."

या गावात शहरातून शलाका नावाची एक मुक्त पत्रकार यायची. मुक्त पत्रकार म्हणजे मोकळा सोडलेला बैल. दावं नाही, म्हणून वैरणही नाही. विज्ञान आणि पर्यावरण हे तिचे विषय, आणि असले विषय वर्तमानपत्रात राशिभविष्याच्या खाली छापतात. तिनं शास्त्रज्ञांना विचारावं, तळं आटतंय का, तर ते म्हणायचे, "तशी शक्यता नाकारता येत नाही." मग ती बिचारी घरी बसून त्याचं मराठी करायची. पण बाई कामाला चोख. चिखलात उतरायची, स्वतः मोजायची, एकच गोष्ट तिघांना विचारायची, आणि खात्री पटल्याशिवाय ओळ लिहायची नाही.

डोमाजींनी तिला दोन पावसाळे पारखलं, तेव्हा कुठे घरटं दाखवलं. म्हणाले, "पाहा अन् लिहा. पण कुठं हाय ते लिहू नोका. लोकाईले पाह्याची लय हौस रायते."

"शब्द दिला, बाबाजी," शलाका म्हणाली.

लेख तिनं जीव ओतून लिहिला. सारस तळ्यातलं काय खातात, घरटं कसं रचतात, धान राखणारी माणसं कशी असतात, सगळं त्यात आलं. शनिवारी सकाळी संपादकांचा फोन आला.

"लेख झकास आहे. उद्या पहिल्या पानावर घेतो. गाव कुठलं?"

"ते देता येणार नाही, साहेब. शब्द दिलाय."

"अहो, गाव नसलेली बातमी म्हणजे नवरदेवाचं नाव नसलेली लग्नपत्रिका. लोक म्हणतील, बाईंनी घरात बसून रचलं."

हे मात्र शलाकाला झोंबलं. आठ वर्षं ती चिखल तुडवत होती, आणि आठ वर्षं राशिभविष्याखाली राहत होती. मन म्हणजे फुकटचा वकील. ते म्हणालं, शेत कुठे सांगतेयस? डोमाजींचं नाव कुठे देतेयस? नुसतं गाव. एवढ्या मोठ्या शिवारात कोण शोधत बसणार? सगळं शिवार कापलेलं आहे आणि उभं धान एकाच ठिकाणी आहे, हे तिला ठाऊक होतं. प्रत्येक गोष्ट मोजणाऱ्या बाईनं तेवढंच मोजलं नाही.

तिनं गावाचं नाव सांगितलं. लेखात ते एकदाच आलं.

रविवारी सकाळी नऊपर्यंत चौदा गाड्या आल्या. कुणाच्या गळ्यात दुधीभोपळ्याएवढा कॅमेरा, कुणाच्या हातात पोह्यांचा डबा. एक निसर्गप्रेमी "शांतता राखा" म्हणून सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते. एकानं भुणभुणणारं ड्रोन सोडलं. डोमाजी हात जोडून एकेकाला म्हणत होते, "मांगं सरा जी." त्यांचाही लोकांनी फोटो काढला.

नर आणि मादी लांब जाऊन उभी राहिली. दिवसभर ओरडत बांधीला फेऱ्या घालत होती. सोमवारी दुपारी उडाली, ती परत आलीच नाहीत. मंगळवारी डोमाजींनी अंड्यांना हात लावून पाहिला. दोन्ही थंडगार.

गाव चिडलं. सगळे म्हणाले, ही त्या पेपरवाल्या बाईचीच करणी. सगळ्या गावात एकटे डोमाजी भांडत होते, "ते नाई तशी. तिनं मले शब्द देल्ला." सरपंचांचा मुलगा पेपर वाचून दाखवायला आला, तर त्यांनी ऐकला नाही. म्हणाले, "ज्यानं लिवलं त्यानं वाचावं."

बुधवारी शलाका आली. अंगणात डोमाजी आणि देवकाबाई होती, तिसरं कुणी नव्हतं. डोमाजींनी घडी घातलेला पेपर तिच्या हातात दिला. ते शाळेत गेले नव्हते.

"वाचा, बाई. सारे म्हणून रायले, तुमी नाव टाकलं. मी साऱ्याईसंग भांडलो."

शलाका वाचू लागली. गावाचं नाव आलं, तिथे तिची जीभ नुसतीच पुढे सरकली. नाव राहिलं मागे. वाक्य तरीही धड लागत होतं.

लेख संपला. डोमाजी बायकोकडे वळले. "आयकलं? नाव नाई." आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसले. "चहा ठेव, देवके. पोरगी शब्दाची पक्की हाय."

तिथे शलाका चहा पिऊन निघून गेली असती, तर म्हाताऱ्याला शेवटपर्यंत काही कळलं नसतं. पण त्या हसण्याकडे तिला बघवेना.

"थांबा, बाबाजी," ती म्हणाली. "एक वाक्य मी चुकीचं वाचलं."

तिनं ते वाक्य पुन्हा वाचलं. या वेळी नावासकट.

देवकाबाई चुलीपाशी गेली होती, ती तिथेच थांबली. डोमाजींनी पेपर परत घेतला आणि डोळ्यांपुढे धरला, जणू त्यांना तो आता वाचता येत होता.

"कवा देल्लं नाव?"

"शनिवारी. सकाळी."

"शनवारी सांगाचं होतं, बाई," ते सावकाश म्हणाले. "लाज वाटली असन, पन सांगाचं होतं. अख्खा दिवस होता. मी साऱ्या गावाले धुऱ्यावर उभं केलं असतं."

हे शलाकाला शनिवारी सुचलंच नव्हतं. शनिवारी ती आपलं नाव पहिल्या पानावर कसं दिसेल, याचा विचार करत होती.

डोमाजींनी विळा घेतला आणि बांधीकडे निघाले. शलाका आणि देवकाबाई मागोमाग गेल्या. त्यांनी दोन्ही अंडी धुऱ्याच्या मातीत पुरली आणि उभा तुकडा कापायला बसले. शलाकानं हात पुढे केला, तर देवकाबाई म्हणाली, "नोको. तुमच्या हाताले सवय नाई." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

पुढे त्या लेखाला जनजागृतीचं बक्षीस मिळालं. ते घ्यायला शलाका गेली नाही. पुढच्या वर्षी डोमाजींनी कापणीच्या वेळी बांधीच्या मधोमध दहा खाटांचा तुकडा उभा ठेवला. धान पिकून गळून गेलं, पण त्यात सारस उतरले नाहीत.

तात्पर्य: विश्वासानं दाखवलेली गोष्ट बघणाऱ्याच्या मालकीची होत नाही, आणि दिलेला शब्द मोडलाच, तर तो ज्याला दिला त्याला आधी सांगावं, जगाला मागाहून.